उफिंग्टनचं दप्तर शोधताना

इंग्लंडमधल्या एखाद्या गावाचा इतिहास जुन्या कागदांतून शोधायचा म्हणून तुम्ही सुरुवातीला उफिंग्टन हे गाव निवडलंत, छान केलंत. फक्त गाव कुठल्या काउंटीत आहे हे विचारण्याआधी कागद कुठल्या सालचा आहे ते बघा. 31 मार्च 1974 पर्यंत हे गाव बर्कशरमध्ये होतं, दुसऱ्या दिवसापासून ऑक्सफर्डशरमध्ये. त्यामुळे जुनं बरंचसं दप्तर रेडिंगला, बर्कशरच्या अभिलेखागारात सापडतं. चर्चचे कागद हवे असतील तर आणखी एक मेख आहे: 1836 पर्यंत बर्कशर सॉल्झबरीच्या बिशपकडे होतं, नंतर ऑक्सफर्डच्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो हद्दींचा. चर्चची पॅरिश (एका चर्चच्या कारभाराखालचा भाग) आणि मुलकी पॅरिश (स्थानिक सरकारी कारभाराचा सगळ्यात छोटा भाग) एकच धरू नका. बॉल्किंग आणि वुलस्टन ही पूर्वी चर्चच्या दृष्टीने उफिंग्टनच्या पोटातली गावं. मुलकी पॅरिश मात्र प्रत्येकाची वेगळी. गरिबांसाठीची पट्टी, म्हणजे कर, जिथे स्वतंत्रपणे वसूल व्हायची, त्या भागांना 1866 च्या कायद्याने मुलकी पॅरिश मानलं. म्हणून नोंद कुणी ठेवली, पाद्र्याने की पट्टी गोळा करणाऱ्याने, हे प्रत्येक कागदावर आधी तपासाच.

1834 नंतरच्या गरीब-कायद्याच्या, म्हणजे गरिबांना मदत देण्याच्या कायद्याच्या, कागदांसाठी फॅरिंग्डन युनियन (या कामासाठी एकत्र केलेल्या पॅरिशांचा गट) बघा. 1894 पासून पॅरिश कौन्सिलची इतिवृत्तं मिळतात का, तेही विचारा. माझ्या मते गावाचा खरा आवाज तिथेच ऐकू येतो.