ऑक्सफर्डची एम.ए. आणि तुमची एम.ए.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा मावसभाऊ ऑक्सफर्डला तीन वर्षं इतिहास शिकून बी.ए. झाला. आता नावापुढे एम.ए. (ऑक्सन) लावतो. मीही इतिहासातच एम.ए. आहे, पण साध्या विद्यापीठातून. दोन वर्षं परीक्षा दिल्या, प्रबंध लिहिला. घरात विषय कुठलाही असो, तो बोलला की सगळे गप्प. मी काही म्हटलं तर 'जळतेस' म्हणतात. त्या पदवीला एवढा मान शोभतो का?

उत्तर : जळत असाल थोड्याफार, तर जळा. त्याने प्रश्न खोटा ठरत नाही.

आधी त्या एम.ए.चं बघू. ऑक्सफर्डची बी.ए. असलेल्याला प्रवेशापासून २१ टर्म, म्हणजे ७ वर्षं उलटली की एम.ए. घेता येते. मध्ये ना वर्ग, ना परीक्षा, ना प्रबंध. केंब्रिजलाही साधारण हीच रीत. यात लबाडी नाही, जुना रिवाज आहे. पण बाहेरच्या माणसाला हे कुठून कळणार? तेव्हा एम.ए.पुरतं बोलायचं, तर घाम तुम्ही गाळलाय, त्याने नाही.

त्याच्या बी.ए.ला मात्र नावं ठेवू नका. तिथे आठवड्याचा निबंध लिहून एकट्याने किंवा दोघातिघांनी शिक्षकासमोर बसायचं असतं, आणि समोरचा एखादं वाक्य धरून विचारतो, 'हे कशावरून?' मागच्या बाकावर लपायची सोय नाही. या शिकवणीला मान द्यायला माझी काहीच हरकत नाही.

पण नाव मोठं म्हणजे शिकवणं असंच, हे गृहीत धरू नका. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी २०२२ मध्ये आपल्या विद्यापीठाने क्रमवारीसाठी दिलेले आकडे तपासले. विद्यापीठ सांगत होतं, २० पेक्षा कमी विद्यार्थ्यांचे वर्ग ८२.५ टक्के आहेत. यांच्या हिशेबात ते ६३ ते ६७ टक्क्यांच्या दरम्यान निघाले. पुढे विद्यापीठाला आकडे चुकल्याचं मान्य करावं लागलं आणि दुसरा क्रमांक अठरावा झाला. शिकवणारे तेच, वर्गही तेच!

खरं सांगू? मानातला मोठा वाटा शिकण्याचा नसतोच, आत शिरल्याचा असतो. मायकेल स्पेन्स या अर्थतज्ज्ञाने १९७३ मध्ये याच्या जवळचं मांडलं : शिक्षणाने कामातलं कसब वाढलं नाही असं धरलं तरी पदवी खूण म्हणून चालते, कारण नोकरी देणाऱ्याला माणसाचं कसब आधी थेट दिसत नसतं.

मी बरीच वर्षं निवड समित्यांवर बसले. मोठ्या नावाचा अर्ज आला की 'तुमच्याकडे अमुक सर अजून शिकवतात का?' यातच मुलाखतीचा बराच वेळ जायचा. एकदा मी अर्जांवरचा शिक्षणाचा रकाना आत दुमडून टाचायला लावला. आमचे एक सदस्य कागद उजेडाकडे धरून पलीकडचं वाचायला बघत होते! दोनतीन उमेदवारांनंतर त्यांनी नाद सोडला आणि प्रश्न कामाचे यायला लागले : शेवटचा अहवाल कसा लिहिलात, त्यातली कुठली नोंद गाळलीत, का गाळलीत? उमेदवार घाबरले, आम्ही मात्र जागे झालो.

बरं, या मोठ्या विद्यापीठांचं दार तरी सगळ्यांना सारखं उघडतं का? अमेरिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या १२ विद्यापीठांवर अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२३ मध्ये आला. प्रवेश परीक्षेत तेवढेच गुण असूनही सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतल्या मुलं तिथे शिकायला जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त होती. आईवडील तिथलेच माजी विद्यार्थी असणं, खेळाडू म्हणून निवड होणं, अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना मिळणारे गुण, ही त्यामागची मुख्य कारणं. म्हणजे त्या मानात थोडा मान घराण्याचाही आला.

तुमच्या भावाने अभ्यास केला असेल, तर इतिहासावर बोलताना त्याचं जरूर ऐका. घराची वाटणी आणि आजोबांचं पथ्यपाणी त्या बी.ए.त शिकवत नाहीत.

प्रश्न : मुलीला दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक नामांकित, पण कर्ज काढावं लागेल. दुसरं साधं, पूर्ण शिष्यवृत्तीसह. काय करू?

उत्तर : डेल आणि क्रूगर या संशोधकांनी २००२ मध्ये अमेरिकेतली आकडेवारी मांडली. सारख्याच तयारीची, सारख्याच विद्यापीठांनी निवडलेली मुलं घेतली, तर कमी नावाच्या ठिकाणी गेलेल्यांची कमाईही पुढे सरासरी तेवढीच निघाली. गरीब घरातल्या मुलांना मात्र मोठ्या नावाचा फायदा झाला. ज्यांच्या ओळखी नाहीत, त्यांना त्या तिथे मिळत असाव्यात. मोठ्या कंपन्यांची आणि अगदी वरच्या पगाराची दारं मोठ्या नावाने जास्त उघडतात, हे चेट्टींच्या अभ्यासातही दिसतं. मुलीला तिकडेच जायचं असेल तर गोष्ट वेगळी. नसेल, तर शिष्यवृत्ती घ्या. पण आधी दोन्हीकडे विचारा, पहिल्या वर्षाला कोण शिकवतं : कायम प्राध्यापक की तासिका तत्त्वावरचे? आणि शिष्यवृत्ती चालू राहायला दरवर्षी किती गुण लागतात, ते लेखी मागा.