स्पेस शटल बंद झालं ते २०११ मध्ये, पण ठरलं होतं २००४ मध्येच

स्पेस शटल म्हणजे माणसांना अंतराळात नेऊन विमानासारखं परत उतरणारं नासाचं यान. त्याबद्दलच्या नेहमीच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. शटल पुन्हा पुन्हा वापरता येत होतं, तर नासाने ते बंद का केलं? आणि ओबामांनी पैसे तोडले म्हणून ते गेलं, हे खरं का?

दुसरा भाग आधी निकालात काढू. खरं नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची उभारणी २०१० पर्यंत संपवायची आणि मग शटल थांबवायचं, ही घोषणा धाकट्या बुश यांनी १४ जानेवारी २००४ रोजी केली. ओबामांनी रद्द करायला घेतला तो कॉन्स्टेलेशन, म्हणजे शटलच्या जागी येणारा कार्यक्रम. लोक दोन्हींची सरमिसळ करतात. उलट ओबामांच्याच काळात अटलांटिस या शटलचं एक जादा उड्डाण मंजूर झालं आणि जुलै २०११ मधलं ते १३५वं उड्डाण शेवटचं ठरलं.

आता मुख्य मुद्दा. 'पुन्हा वापरता येणारं' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विमान येतं: उतरलं, इंधन भरलं, निघालं. शटलचं तसं कधीच नव्हतं. बाहेरची नारिंगी इंधनटाकी दर वेळी नवी लागे. उड्डाणाला जोर देणारी दोन्ही जोडरॉकेटं, म्हणजे बूस्टर, समुद्रातून ओढून आणायचे, सुटे करायचे आणि रेल्वेने पार युटा राज्यात पाठवायचे. मुख्य इंजिनं उतरवून तपासायची. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे परतीच्या उष्णतेपासून यानाला वाचवणाऱ्या टाइल्स.

कोलंबिया या पहिल्या यानावर त्या तीस हजारांच्या वर होत्या, नंतरच्या यानांवर चोवीस हजारांच्या आसपास. सिलिकाच्या तंतूंची ठोकळी, आत जवळपास नव्वद टक्के हवाच. बहुतेक प्रत्येकीचा आकार वेगळा, प्रत्येकीला स्वतःचा नंबर. एक निघाली तर दुसरीकडची काढून तिथे बसवता येत नसे. शिवाय त्या पाणी शोषतात. पाणी लागू नये म्हणून भरलेलं रसायन परतीच्या उष्णतेत जळून जाई, म्हणून दर उड्डाणानंतर टाइलच्या बारीक छिद्रातून ते पुन्हा आत सोडावं लागे. एकेका टाइलमध्ये, हाताने. वर्षाला पन्नासेक उड्डाणांचे आकडे ज्यांनी कागदावर मांडले, त्यांनी हे काम धरलंच नव्हतं. प्रत्यक्षात सर्वांत व्यग्र वर्ष १९८५, आणि त्यात उड्डाणं ९. त्याच वर्षी अटलांटिस ३ ऑक्टोबरला उडालं आणि पुन्हा २६ नोव्हेंबरला. ५४ दिवसांचा हा विक्रम शेवटपर्यंत कोणी मोडला नाही.

इथेच हिशेब बिघडला. उड्डाण होवो न होवो, हजारो तंत्रज्ञांचे पगार आणि फ्लोरिडातल्या केनेडी उड्डाण केंद्राचा पसारा चालूच राहणार. हा खर्च पन्नास उड्डाणांवर पसरला असता तर एक उड्डाण स्वस्त पडलं असतं, पण तो पसरला वर्षाला चार-पाचांवर. महागाई धरून कार्यक्रमाचा एकूण खर्च २०० अब्ज डॉलरच्या आसपास जातो. १३५ने भागा, उड्डाणामागे दीड अब्ज.

मग इतकं अवघड यान बांधलं कशाला? १९७२ मध्ये मंजुरी मिळवताना नासाला हवाई दलाचा पाठिंबा हवा होता. हवाई दलाला मोठमोठे हेरगिरी उपग्रह न्यायचे होते, आणि ध्रुवीय कक्षेत एकच फेरी मारून, वाटेपासून दोनेक हजार किलोमीटर बाजूला वळून तळावर उतरायचं होतं. त्यासाठी मोठे त्रिकोणी पंख आले, पंखांपायी उष्णतेचा भार वाढला. गंमत म्हणजे तशी मोहीम एकही झाली नाही. कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्गला बांधलेल्या तळावरून शटल एकदाही उडालं नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे शटल कोसळल्यावर सैन्य परत साध्या रॉकेटांकडे वळलं, आणि व्यापारी उपग्रह शटलमधून नेणं रेगन सरकारनेच थांबवलं. माझ्या मते शटलचा आर्थिक पाया तेव्हाच ढासळला. पुढची पंचवीस वर्षं ते चाललं ते आधी दुर्बिणी आणि प्रयोगशाळा नेण्यावर, आणि मग स्थानकाच्या जोरावर.

कोलंबियाची गोष्ट कल्पना चावलामुळे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. टाकीवरच्या आवरणातला पाऊण किलोच्या आसपासचा फोमचा तुकडा उड्डाणानंतर ८२व्या सेकंदाला डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना तिथून तप्त वायू आत शिरले आणि यान तुटून पडलं. चौकशी मंडळाच्या अहवालातली एक शिफारस मात्र फारशी कोणी वाचत नाही: २०१० नंतर शटल उडवायचं असेल तर सुट्या भागांपासून पूर्ण यानापर्यंत सगळ्याचं नव्याने प्रमाणीकरण करा. बुश यांच्या घोषणेतलं २०१० हे साल योगायोगाने आलेलं नाही.

आणि मूळ दोष दुरुस्त होण्यासारखा नव्हताच. यान टाकीच्या शेंड्यावर नव्हे, शेजारी टांगलेलं. वरून काही सुटलं तर ते यानावरच येणार. बिघाड झाला तर यात्रींना घेऊन वेगळी निघेल अशी कुपी नाही. २००३ नंतरच्या २२ उड्डाणांत लांब दांड्यावरच्या कॅमेऱ्याने टाइल्स तपासल्या जात. मे २००९ मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीला अटलांटिस गेलं तेव्हा वेळ पडलीच तर सुटकेसाठी एंडेव्हर दुसऱ्या तळावर उभं करून ठेवलं होतं. एका उड्डाणामागे दोन यानं सज्ज ठेवायची, तर स्वस्ताईचं नावच नको.

'नवं यान येईपर्यंत आणखी चार वर्षं का नाही चालवलं?' असंही विचारलं जातं. नासाचं बजेट वाढत नव्हतं, नव्या यानाचा पैसा शटल थांबवूनच मोकळा होणार होता. शिवाय सुट्या भागांचे पुरवठादार आणि न्यू ऑर्लिन्समधल्या कारखान्यातलं टाक्यांचं काम टप्प्याटप्प्याने बंद होत आलं होतं. २०१० मध्ये कोणी मनात आणलं असतं तरी नव्या टाक्या मिळायला वर्षं लागली असती. त्यामुळे अमेरिकन अंतराळवीरांना रशियाच्या सोयुझ यानात पैसे मोजून जागा घेण्यावाचून पर्याय नव्हता, तो थेट मे २०२० मध्ये स्पेसएक्सचं क्रू ड्रॅगन यान माणसं घेऊन उडेपर्यंत.