स्ट्रएनकॉपी बदलण्याआधी तो बफर पुढे कुठे जातो ते शोधा

लिनक्स कर्नलसाठी पहिला पॅच (कोडमधला बदल) म्हणून एका ड्रायव्हरमधले सगळे स्ट्रएनकॉपी (strncpy, स्ट्रिंग कॉपी करणारं सी भाषेतलं जुनं फंक्शन) 'सेड' या शोधून बदलणाऱ्या साधनाने सरसकट स्ट्रएसकॉपी (strscpy, त्याच्या जागी वापरायचं कर्नलचं फंक्शन) केले तर चालेल का, असं तुम्ही विचारलं आहे. कृपया तसं करू नका. कोड विनातक्रार कंपाइल होईल, आणि मला भीती त्याचीच वाटते.

स्ट्रएनकॉपी मुळात नेहमीच्या स्ट्रिंगसाठी नव्हतंच. जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरीच्या नोंदीत फाइलच्या नावाला ठरावीक १४ बाइट असत. नाव लहान असलं तर उरलेली जागा शून्यांनी भरायची, नाव बरोबर १४ अक्षरी असलं तर शेवटी शून्य (स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला बाइट) नाही. अशा कामाला ते चोख आहे. पुढे लोक त्याला 'सुरक्षित स्ट्रकॉपी' (strcpy, जागा किती आहे ते न पाहता कॉपी करणारं फंक्शन) समजून कुठेही वापरू लागले.

आता एक उदाहरण घ्या. स्टॅकवरच्या (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतल्या) स्ट्रक्चरमध्ये नावासाठी १६ बाइट आहेत आणि नाव चार अक्षरी आहे. शून्य धरून ५ बाइट झाले. उरलेले ११ स्ट्रएनकॉपी शून्य करत होतं. स्ट्रएसकॉपी ती हमी देत नाही. ते स्ट्रक्चर कॉपी_टू_यूजरने (कर्नलमधला डेटा यूजरच्या प्रोग्रामला देणाऱ्या फंक्शनने) अख्खं बाहेर गेलं, तर कर्नलच्या स्टॅकवरचा जुना मजकूर यूजरच्या हाती लागू शकतो. इथे स्ट्रएसकॉपी_पॅड, म्हणजे उरलेली जागाही शून्यांनी भरणारं रूप, हवं. स्ट्रक्चर आधीच पूर्ण शून्य केलेलं असेल तर साधं स्ट्रएसकॉपी पुरतं, पण ते तुम्ही स्वतः मागे जाऊन वाचलेलं हवं.

काही फील्ड तर स्ट्रिंग नसतातच. स्कझीच्या (SCSI, डिस्कसारखी उपकरणं जोडण्याचं मानक) इन्क्वायरी उत्तरात, म्हणजे उपकरण आपली ओळख सांगतं त्यात, व्हेंडरचं नाव ८ बाइटचं, मोकळी जागा स्पेसने भरलेली, शेवटी शून्य नाही. तिथे स्ट्रएसकॉपी लावलंत तर आठवं अक्षर कापलं जाईल. त्यासाठी स्ट्रटूमेम_पॅड आहे; ते शेवटी शून्य न लावता उरलेली जागा तुम्ही दिलेल्या अक्षराने भरतं.

ओपनबीएसडी या दुसऱ्या युनिक्ससारख्या प्रणालीतून आलेलं स्ट्रएलकॉपी (strlcpy) हे असंच कॉपीचं फंक्शन ६.८ आवृत्तीत कर्नलमधून काढलं गेलं, पण कर्नलबाहेरच्या ड्रायव्हरांत ते अजून भेटेल. ते मूळ स्ट्रिंगची लांबी परत देतं, म्हणून ती शेवटपर्यंत वाचतं; मुळात शून्य नसेल तर बफर ओलांडून वाचत सुटतं. स्ट्रएसकॉपी कॉपी केलेली अक्षरं मोजून देतं आणि स्ट्रिंग कापली गेली तर उणे ई२बिग हा एररचा आकडा, म्हणजे -७. त्यामुळे मिळालेली लांबी ऑफसेटमध्ये मिळवणारा कोड ७ बाइट मागे सरकेल. आणि ती किंमत अनसाइन्ड (उणे आकडे न धरणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये ठेवलीत तर 'शून्यापेक्षा कमी' ही तपासणी कधीच लागू होणार नाही.

डेस्टिनेशन अ‍ॅरे असेल तर स्ट्रएसकॉपीचं दोन आर्ग्युमेंटचं, म्हणजे आकार वेगळा न देण्याचं, रूप वापरा. पॉइंटर दिलात तर कंपाइलर तिथेच अडवतो. स्वतः साइझऑफ लिहून पॉइंटर दिलात तर ६४-बिट मशीनवर बफरऐवजी पॉइंटरचा आकार, म्हणजे गुपचूप ८ मिळतात.

पॅच लहान ठेवा, एका वेळी एकच फाइल. कमिटच्या मजकुरात प्रत्येक बफरबद्दल लिहा: शेवटी शून्य लागतं का, पॅडिंग लागतं का, आणि हे तुम्ही कोणत्या फंक्शनात पाहिलंत. मेंटेनर (त्या कोडची जबाबदारी असलेले लोक) पहिल्यांदा हेच विचारतात. पॅच तयार झाला की इथे टाका, मी ओळ न् ओळ वाचेन.