आजोबांच्या ट्रंकेत 1939 ते 1945 सालचे 14 चांदीचे रुपये सापडले. मोडावेत की जपावेत? किंमत कशी कळणार?

आधी रुपयांची पुरचुंडी सोनाराकडून घरी परत आणा आणि रुपये सालाप्रमाणे वेगळे लावा. तुम्ही लिहिलंय की सोनाराने सगळे एकदम तोलून एकच भाव सांगितला. वजनावरून यात काहीच कळत नाही, गोम तिथेच आहे.

व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून बंदा रुपया एक तोळ्याचा, 11.66 ग्रॅमचा. म्हणूनच ‘रुपयाभार’ हे माप रूढ झालं. त्यात चांदी जवळपास 92 टक्के असायची. महायुद्धात चांदीची चणचण झाली, लोक रुपये घरात दाबून ठेवायला लागले, आणि 1940 साली सरकारने चांदी थेट 50 टक्क्यांवर आणली. 40 टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. वजन मात्र तेवढंच ठेवलं. म्हणजे जुन्या राणीछाप रुपयात सुमारे 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी, तर 1940 ते 1945 च्या रुपयात 5.83. 1940 सालीच एक रुपयाची नोटही आली, आणि 1941 ते 1943 मध्ये जुने चांगल्या चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले.

युद्धातला रुपया बोटांत उभा धरून कडेकडून बघा. दातांच्या मधोमध बारीक खाच फिरलेली दिसेल. नकली नाणी पाडणं अवघड व्हावं म्हणून ती केली होती. 1947 चा, मागे वाघ असलेला रुपया तर निकेलचा; लोहचुंबकाला चिकटतो.

आमच्या कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, कुणीही टंच (चांदीची शुद्धता) काढून देईल, आणि चांदीकामाचं हुपरी जवळ असल्याने आटणीवाल्यांचीही, म्हणजे चांदी वितळवणाऱ्यांचीही, कमी नाही. पण त्यांना फक्त चांदी दिसते. 1940 नंतरचे रुपये अमाप पाडले गेले, त्यामुळे झिजलेल्या नाण्याला चांदीच्या किमतीपेक्षा थोडंच जास्त मिळतं, हे मान्य करूनच चाला. वरचा पैसा मिळतो तो अवस्थेचा. राजाच्या मुकुटातली नक्षी सुटी सुटी दिसते का, गालावर ओरखडे आहेत का, हे संग्राहक भिंगाने बघतात.

आणि कृपा करून घासू नका. आमच्या आजीचे लक्ष्मीपूजनाचे अकरा रुपये मी एका दिवाळीत चिंच आणि रांगोळीने लख्ख केले. त्यातला 1945 चा एक अगदी कोरा होता. काळसर झाक गेली ती गेलीच, वर मुकुटावर बारीक रेघा उमटल्या. पुढे दाखवायला नेला तेव्हा समोरच्याने ओरखडे बघून चांदीचाच भाव सांगितला. अजूनही वाईट वाटतं. कोरड्या कागदी पाकिटात ठेवा, कडेला धरूनच उचला.

आता तुमच्या यादीतला 1939. तो खरा असेल तर बाकीच्या तेरांशी त्याची तुलनाच नाही. त्या सालचे रुपये बाहेर फार थोडे आले, म्हणून नकलीही बरेच फिरतात. वजन 11.66 आहे का, शेवटच्या 9 भोवतीचा भाग कोरल्यासारखा दिसतो का, ते भिंगातून तपासा. दोघातिघा जाणकारांना समोर बसून दाखवल्याशिवाय तो कुणाच्याही हाती सोपवू नका, आटणीला तर मुळीच नाही.