लंडनच्या टॉटेनहॅम या फुटबॉल क्लबच्या नव्या स्टेडियमवर पाहुण्या संघाचा पाठीराखा म्हणून जायचं असेल, तर काय लक्षात ठेवावं?

सगळ्यात आधी तिकीट, आणि ते आपल्याच क्लबकडून घ्या. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०१६-१७ पासून पाहुण्या पाठीराख्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा आहे. चाहत्यांनी भांडून मिळवलेली गोष्ट आहे ती, म्हणून मला तिचं फार मोल वाटतं. पण पाहुण्यांना मिळतात जेमतेम तीन हजार जागा, आणि त्यात जुन्या सदस्यांना प्राधान्य. तिकीट मिळालं नाही म्हणून यजमानांच्या भागात आपली जर्सी घालून बसू नका, बाहेर काढतात.

२०१९ साली उघडलेल्या या मैदानात ६२,८५० माणसं मावतात. पाहुणे ईशान्य कोपऱ्यात असतात. दक्षिणेकडे १७,५०० जणांचा एकसंध स्टँड आहे. तिथून गाणं सुरू झालं की अंगावर काटा येतो, मग ते गाणं आपल्याविरुद्ध का असेना! अशा वेळी आपल्या कोपऱ्याने गप्प बसायचं नाही. घसा बसेपर्यंत ओरडा.

रोख पैसे चालत नाहीत, कार्ड ठेवा. बिअर स्टँडमागच्या मार्गिकेतच संपवावी लागते, कारण इंग्लंडमध्ये फुटबॉल सामन्याच्या वेळी मैदान दिसेल अशा जागी दारू पिणं कायद्याने मना आहे.

परतताना व्हाइट हार्ट लेन स्टेशनवर लांबलचक रांग लागते. मी तरी सरळ सेव्हन सिस्टर्स स्टेशनपर्यंत चालत जाईन, अर्धा तास लागतो. जिंकला असाल तर तोही कमीच वाटेल.