प्रदर्शनातला घुमणारा बेस: दोष स्पीकरचा की खोलीचा?

आपला प्रश्न असा आहे की, मुंबईतील हाय-फाय प्रदर्शनात ऐकलेले हिऱ्याच्या ट्वीटरचे (ट्वीटर म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) उंच स्पीकर आवाजाला अप्रतिम वाटले, पण त्यांचा बेस घुमत होता. मग दादरच्या दहा बाय पंधरा फुटांच्या दिवाणखान्यासाठी ते घ्यावेत का? प्रदर्शन हॉटेलात होते आणि तिथल्या त्या स्पीकरच्या खोलीत मी दोनदा बसलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या खेपेस मागच्या भिंतीला टेकलेली खुर्ची मिळाली. डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड, म्हणजे घसरत जाणारा सूर, कुठून निघाली आणि कुठे विसावली हे कळतच नव्हते. नुसता आवाजाचा गोळा पोटावर येऊन आदळत होता. दुपारी जेवणाच्या वेळेस गर्दी ओसरल्यावर तेच ध्वनिमुद्रण पुन्हा लावायची विनंती केली आणि भिंतीपासून चारेक फूट पुढे बसलो, तर तीच मींड एका रेघेसारखी वर चढताना ऐकू आली. स्पीकर तेच, ॲम्प्लिफायरही तोच. खर्जाच्या लहरींचा दाब भिंतीलगत सर्वाधिक असतो, आणि हॉटेलची खोली म्हणजे पलंग हलवून रिकामी केलेली पेटीच. त्यामुळे तो घुमार स्पीकरच्या माथी मारणे मला पटत नाही.

मात्र आपल्या घरी काय होईल, हा प्रश्न उरतोच. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर आणि दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, म्हणून खोलीच्या रुंदीतला पहिला अनुनाद, म्हणजे ज्या स्वराला खोली स्वतःच घुमू लागते तो, ५६ हर्ट्झच्या (सेकंदाला ५६ कंपनांच्या) आसपास पडतो. छत साडेनऊ फुटांवर असेल, तर उंचीचा अनुनाद ५९ हर्ट्झच्या जवळ, म्हणजे दोघे एकमेकांच्या बोकांडी बसलेले. पंधरा फुटांचा ३७-३८ हर्ट्झवर, तो वेगळाच. ज्या स्पीकरचे वूफर (खर्ज वाजवणारे मोठे भाग) ३० हर्ट्झपर्यंत उतरतात, ते या तिन्ही अनुनादांना भरपूर खाद्य पुरवतात. वर आपल्याकडच्या काँक्रीटच्या भिंती आणि टाइल्सची जमीन खर्ज जवळपास काहीच शोषत नाहीत. जाड पडद्यांनी वरच्या स्वरांची चमक कमी होते, ५६ हर्ट्झच्या केसालाही धक्का लागत नाही.

शेजारच्या दालनात स्थिरविद्युत स्पीकर होते. १९५७ साली क्वाड कंपनीने आणलेल्या स्पीकरच्या परंपरेतलेच हे तंत्र: ताणलेला पातळ पडदा पुढे आणि मागे सारखाच आवाज फेकतो. तानपुऱ्याची जवारी, तारांची ती गुंजणारी झणकार, इतकी सुटी मी त्या दिवशी इतरत्र ऐकली नाही. जोडाच्या दोन तारांतला किंचितसा फरकही लपत नव्हता. पण डोके वीतभर बाजूला केले की गायक सरकला, आणि या पडद्यांना मागे किमान तीन-चार फूट मोकळी जागा लागते. मुंबईत तेवढ्या जागेत आपण कपाट ठेवतो.

आपल्या मापाला मला स्टँडवरचे छोटे, दोन ड्रायव्हरचे (एक वूफर, एक ट्वीटर) स्पीकर अधिक योग्य वाटतात. बीबीसीने १९७० च्या दशकात एलएस३/५ए हा स्पीकर घडवला तोच मुळी स्टुडिओबाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाडीतल्या अडचणीच्या जागेसाठी. अशा पेट्या पाऊणशे हर्ट्झच्या खाली भराभर उतरू लागतात, आणि आपल्या खोलीत ही उणीव पथ्यावरच पडते. गायकाचा कंठ आणि हार्मोनियमचे सूर बहुतांशी त्याच्या वरच असतात. मात्र अशा स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वॅटला निघणारा आवाज, बहुधा कमी असते. ८४ डेसिबलच्या स्पीकरला ९० डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज काढायला चौपट वॅट लागतात, म्हणून ॲम्प्लिफायरमध्ये कंजुषी नको.

तुलना करताना दोन्ही जोड्यांचा आवाज मापून सारखा करून घ्यावा, कारण एखाद-दुसऱ्या डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर कानाला हमखास उजवा वाटतो. प्रदर्शनात ही काळजी कोणी घेताना मला दिसले नाही. (तिथे दर दुसऱ्या दालनात तीच संथ गिटार आणि कुजबुजणारी गायिका, तिच्यावर कुठलाही स्पीकर चांगलाच वाजतो.) विक्रेत्याला एखाद्या रविवारी जोडी घरी आणून लावायला सांगा, डग्गा चांगला घुमणारे आपल्या सवयीचे ध्वनिमुद्रण लावा, आणि सोफा भिंतीपासून दोन फूट तरी पुढे ओढून बसा.