सॅक्सोफोनसाठी दोन एकर वावर विकावे का?

दिग्रस तालुक्यातील एका वाचकांचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचे वय चौतीस आहे. वडिलांची बँडपार्टी होती. त्यांच्याकडूनच सॅक्सोफोन शिकून ते सोळाव्या वर्षापासून वरातींत वाजवत आले, आणि गेली सहा वर्षे नागपूर-पुण्याच्या चार वादकांच्या गटात ते जॅझ वाजवतात. वडील दोन वर्षांपूर्वी मृत्युपत्र न करता गेले. घरी आई, पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी आहे, बहीण लग्न होऊन आर्णीला असते. चार एकर कोरडवाहू वावरापैकी रस्त्याकडचे दोन एकर नऊ लाख रुपये एकराने घ्यायला एक गिऱ्हाईक तयार असून दसऱ्याला इसार देतो म्हणते. येणाऱ्या अठरा लाखांतून साडेसहा लाखांचा पॅरिसच्या बनावटीचा टेनर सॅक्सोफोन घ्यावा, पाच लाखांत मुंबईच्या स्टुडिओत आठवडाभर बसून अल्बम आणि त्याच्या तीनशे तबकड्या काढाव्यात, चार लाखांत मे महिन्यात युरोपचा दौरा करावा आणि उरलेले अडीच लाख बँकेत ठेवावेत, असा त्यांचा बेत आहे. तो योग्य आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. जॅझ हे तुमचे वेड आहे असे नातेवाईक म्हणतात, असे तुम्ही लिहिले आहे. मी तसे म्हणणार नाही. मागच्या वर्षी तुम्ही बावीस कार्यक्रम केले आणि त्यांचे १,५४,००० रुपये मानधन मिळाले; दिग्रससारख्या ठिकाणी राहून हे करणारा माणूस छंद नव्हे, व्यवसाय करतो आहे. म्हणूनच या बेताकडे व्यवसायाच्या हिशेबाने पाहू.

सर्वांत आधी जमिनीचे. वावर विकणे म्हणजे पाप, ही आपल्याकडची भावना मला समजते, पण केवळ तिच्या आधाराने मी तुम्हाला अडवणार नाही. तुमच्या चार एकरांत गेल्या तीन वर्षांत खर्च वजा जाता ७०,०००, २५,००० आणि ५५,००० रुपये उरले, म्हणजे सरासरी ५०,०००. दोन एकरांचे २५,००० झाले, आणि अठरा लाखांच्या मालमत्तेवर हे उत्पन्न दीड टक्क्याहूनही कमी आहे. शिवाय शहराच्या हद्दीपासून कायद्याने ठरवलेल्या अंतरापलीकडच्या ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. तेव्हा विक्रीत मूलतः चूक नाही. चूक आहे ती विकून आलेले भांडवल एका वर्षात खर्चून टाकण्यात, कारण तुमच्या बेतात अठरापैकी साडेपंधरा लाख रुपये अशा गोष्टींवर जातात ज्यांतून फारसे काही परत येत नाही.

पण त्याही आधी दोन प्रश्न आहेत, ज्यांचा तुमच्या पत्रात विचार दिसत नाही. सातबाऱ्यावर तुमच्याबरोबर आईचे आणि बहिणीचे नाव आहे. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल, तर मृत्युपत्राच्या अभावी तिघांचा हिस्सा समान ठरतो आणि अठरा लाखांपैकी तुमचे सहाच लाख होतात. वडिलोपार्जित असेल तर हिश्शांची मांडणी बदलेल, पण बहिणीचा हक्क तेव्हाही राहील. तिने हक्कसोडपत्र करून द्यावे असे तुम्ही गृहीत धरले असेल, तर आधी तिच्या घरी जाऊन मोकळेपणाने बोला. दुसरा प्रश्न रस्त्याचा. गिऱ्हाईक पुढचे दोन एकर मागते आहे, आणि ते गेले की मागच्या दोन एकरांत बैलगाडी न्यायलाही दुसऱ्याच्या धुऱ्यावरून जावे लागेल. पांदण नसलेल्या वावराचा भाव किती पडतो हे तुम्हाला मी सांगायला नको. नऊ लाखांचा भाव पुढच्या एकराला मिळतो आहे, पण त्याची थोडी किंमत तुम्ही मागच्या एकरातून मोजणार आहात.

आता वाद्याकडे येतो. साडेसहा लाखांचा टेनर उत्तम असेल यात शंका नाही, परंतु एप्रिल-मेच्या उन्हात, धुळीत, डीजेच्या गाडीमागे चालत तो तुम्ही वाजवू शकणार नाही आणि वाजवूही नये. म्हणजे वरातीसाठी तुमचा जुना तैवानी टेनर राहणारच, आणि नवा केवळ वर्षाच्या बावीस कार्यक्रमांसाठी असेल. अमेरिकेचे थोर जॅझवादक चार्ली पार्कर यांनी १५ मे १९५३ रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये जो अल्टो, म्हणजे टेनरहून लहान सॅक्सोफोन, वाजवला, तो प्लॅस्टिकचा होता. तिथलेच जॅझवादक ऑर्नेट कोलमन यांनीही आरंभी धातूचे वाद्य परवडत नव्हते म्हणून प्लॅस्टिकचेच घेतले आणि त्यावर नाव मिळवले. वाद्याने काहीच फरक पडत नाही असे मी म्हणत नाही. तुम्ही वादक आहात, मी नाही. परंतु छिद्रे झाकणारे सगळे पॅड बदलून जुने वाद्य पूर्ण दुरुस्त करायला आणि चांगला माउथपीस घ्यायला मिळून ४५,००० लागतील, हा अंदाज तुम्हीच कळवला आहे. साडेसहा लाखांच्या वाद्याने तुमचे मानधन सात हजारांवरून किती होईल, हे तुमच्या गटातील एकानेही सांगितलेले नाही.

ध्वनिमुद्रणावर मला अधिक बोलायचे आहे, कारण तिथे तुमचा बेत जॅझच्या स्वभावाशीच जुळत नाही. चित्रपटगीताचे एकेक वाद्य वेगळे मुद्रित करतात, त्याला दिवस लागतात. जॅझमध्ये सगळे वादक एकत्र बसून एका दमात वाजवतात. अमेरिकी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांची ‘अ लव्ह सुप्रीम’ ही चार भागांची सर्वांत गाजलेली रचना ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत मुद्रित झाली, आणि जी आवृत्ती जगाने ऐकली ती त्या एकाच दिवसाची आहे. ते शक्य झाले कारण ते आणि त्यांचे तिघे साथीदार वर्षानुवर्षे रात्रीमागून रात्री मंचावर एकत्र वाजवत होते. स्टुडिओचे भाडे तासांवर असते. जी तयारी तालमीत व्हायला हवी ती स्टुडिओत केली, तर आठवडा लागतो आणि पाच लाख जातात. तुमच्या गटाने आधी स्वतःच्या सात-आठ रचना निदान वीस कार्यक्रमांत वाजवाव्यात आणि मग नागपूर किंवा पुण्यात दोन दिवस स्टुडिओ घ्यावा. मिश्रण आणि अंतिम संस्करणासह ८०,००० रुपयांची तरतूद मी धरतो, चौघांत प्रत्येकी २०,०००.

तबकड्या मात्र काढू नका. कार्यक्रमानंतर चार-पाच जण तबकडीची चौकशी करतात, असे तुम्ही लिहिले आहे. प्रत्येकाने घेतली तरी बावीस कार्यक्रमांत शंभर-सव्वाशे खपतील, आणि चौकशी करणारा प्रत्येक जण घेत नाही. ऑनलाइन ऐकण्यातून घर चालेल ही आशाही ठेवू नका. स्पॉटिफायने तर २०२४ पासून मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला मोबदला देणेच थांबवले आहे. ध्वनिमुद्रणाचा खरा उपयोग वेगळा आहे. मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्ससारख्या (एनसीपीए) संस्थेला किंवा एखाद्या महोत्सवाच्या आयोजकाला तुमचे वादन ऐकवायला ते लागते, आणि त्या कामाला दोन दिवसांचे प्रामाणिक मुद्रण पुरते.

एक गोष्ट मात्र कागदावर पक्की करा. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रथम निर्मात्याचा, म्हणजे ते काढण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्याचा असतो आणि तो प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. कोणी मोफत मुद्रण करून देतो म्हणाला, तर बदल्यात तो काय घेतो आहे हे आधी वाचा. चौघांनी पैसे घालून मालकी चौघांची ठेवावी, रचनाकाराचे नाव प्रत्येक रचनेपुढे लिहावे आणि रचना तुमच्या असतील तर रचनाकारांना मोबदला मिळवून देणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासदत्व घ्यावे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर वादकालाही व्यावसायिक वापराच्या मोबदल्याचा हक्क मिळाला आहे. तो सोडून देणारे कलम करारात असेल तर सही करू नका.

युरोपच्या दौऱ्याचा हिशेब मी तुमच्याच आकड्यांनी केला. दहा कार्यक्रम, प्रत्येकी १२,००० रुपये, म्हणजे १,२०,००० येतील आणि चार लाख जातील. शिवाय मे महिना हा लग्नसराईचा. वर्षाच्या पंचेचाळीस ऑर्डरींपैकी सुमारे वीस एप्रिल-मेच्या आहेत, आणि अडीच हजारांप्रमाणे त्यांचे ५०,००० पर्यंत बुडू शकतील. एकूण तूट ३,३०,००० पर्यंत जाते. पर्यटक व्हिसावर जाण्याचा उल्लेख तुम्ही केला आहे, पण मानधन घेऊन वाजवण्यासाठी बहुतेक देशांत तो चालत नाही. ज्या दौऱ्याचे तिकीट आणि मुक्काम आयोजक देतो, तो दौरा घ्या. तोपर्यंत हिवाळ्यातील देशांतर्गत कार्यक्रमांकडे लक्ष द्या, कारण तिथे सुधारणेला पुष्कळ वाव आहे. बावीस कार्यक्रमांसाठी तुमचे ८३,००० खर्च झाले, म्हणजे सात हजारांतील जवळजवळ पावणेचार हजार वाटेतच गेले. दिग्रसहून एसटीने अकोला आणि तिथून रेल्वेने मुंबई गाठण्याचा खर्च एका कार्यक्रमाला जेवढा, तीन कार्यक्रमांनाही तेवढाच. एका फेरीत मुंबई, पुणे आणि परतीच्या वाटेवर नाशिक असे तीन कार्यक्रम बांधल्याशिवाय निघायचे नाही, असा नियम केला तर एकही रुपया मानधन न वाढता तुमची शिल्लक वाढेल. मानधनातून दहा टक्के उद्गम करकपात (टीडीएस) झाली असेल, तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मागा; तुमच्या उत्पन्नावर कर लागत नाही आणि ते पैसे तुमचे आहेत.

या सगळ्यात मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते तुमच्या अठरा लाखांच्या विभागणीत कुठेच नाही, आणि ते म्हणजे रियाजाचा वेळ. पेरणी ते वेचणी वावरात, तुळशीच्या लग्नानंतर वरातींत, आणि मधल्या फटींत जॅझ, असे तुमचे वर्ष जाते. कद्री गोपालनाथ हे नागस्वरम, म्हणजे दक्षिणेतले सनईसारखे वाद्य, वाजवणाऱ्या घरातले. म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकून त्यांनी तो हाती घेतला आणि १९९४ मध्ये लंडनच्या बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवापर्यंत पोहोचले, पण मधली कित्येक वर्षे गुरूंपुढे बसून त्या वाद्यावर कर्नाटक संगीत बसवण्यात गेली. अमेरिकी जॅझ सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स यांनी तर नाव झालेले असताना १९५९ ते १९६१ कार्यक्रम बंद ठेवून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर रियाज केला. तुम्हाला कार्यक्रम बंद करणे परवडणार नाही. पण वेळ विकत घेणे परवडेल, आणि त्यासाठी वावर विकावे लागत नाही.

चारही एकर एका हंगामापुरते मक्त्याने द्या. तुमच्या भागात दहा हजार रुपये एकराने मक्ता मिळतो असे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे ४०,०००. स्वतः कसून सरासरी ५०,००० उरतात. दहा हजारांच्या फरकात जून ते नोव्हेंबर मोकळे होतात, आणि पावसाची व बोंडअळीची काळजी तुमच्या डोक्यावरून उतरते. कागद वकिलाकडून करून घ्या, मुदत स्पष्ट लिहा आणि १,२०,००० चे पीककर्ज दरवर्षी नवेजुने करण्याऐवजी मक्त्याच्या पैशांतून थोडे तरी उतरवता येते का ते बँकेत विचारा. पीककर्जाचे पैसे सॅक्सोफोनसाठी मात्र वापरू नका. आता वर्षाचा ताळा पाहा. वरातींचे १,१२,५००, जॅझचे खर्च जाऊन ७१,००० आणि मक्त्याचे ४०,००० मिळून २,२३,५०० होतात. घरखर्च महिना १६,००० प्रमाणे १,९२,०००. उरतात ३१,५००, दोन वर्षांचे ६३,०००. वाद्याची दुरुस्ती आणि ध्वनिमुद्रणातील तुमचा वाटा मिळून ६५,००० होतात; दोन हजारच कमी पडतात. म्हणजे यंदाच्या शिल्लकेतून पॅड बदला, माउथपीस पुढच्या वर्षी घ्या आणि पुढच्या चातुर्मासात मुद्रण करा. हात आखडता राहील आणि कर्ज फेडायला मोकळा पैसा थोडाच असेल, हे मी लपवत नाही. म्हणूनच फेऱ्या जोडून वाचणारा पैसा मी खर्चात धरलेला नाही; तो कर्जाकडे जाऊ द्या.

दोन हिवाळ्यांनंतर जॅझची निव्वळ मिळकत ७१,००० वरून १,२०,००० च्या पुढे गेली, तर एक एकर विकण्याचा विचार जरूर करा, आणि मी तुमच्या बाजूने असेन. मोजणी करून घ्या, उरलेल्या वावराला रस्ता ठेवा, बहिणीचे तीन लाख तिला द्या आणि उरलेले सहा लाख आईच्या व तुमच्या नावे पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवा. २०२५ च्या ७.४ टक्के दराने महिन्याला ३,७०० रुपये येतील आणि पाच वर्षांनी सहा लाख जसेच्या तसे परत मिळतील. त्या ३,७०० रुपयांत महिन्यातून चार दिवस पुण्याला जाऊन थोर वादकांबरोबर बसता येते. आजचे गिऱ्हाईक तोवर थांबणार नाही ही तुमची भीती खरी असू शकते, पण रस्त्याकडच्या एकराला दुसरे गिऱ्हाईक मिळते.

दसऱ्याला इसार घेऊ नका. त्याआधी आर्णीला जाऊन या. आणि मुलीचे सुकन्या समृद्धीचे खाते पोस्टात उघडा. वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी ते चालू राहते, पण ते दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच उघडता येते, आणि तुमच्या पत्रानुसार तिला दहावे वर्ष पौषात पूर्ण होते.